तुकड्यांची पिशवी: शिवताना लिहिलेल्या नोंदी, उसवण्यासकट

ही माझी पहिली पिशवी. मशीनवर आजवर उशीचे अभ्रे, पडद्यांच्या कडा आणि फाटके खिसे एवढंच शिवलं होतं. नोंदी त्या त्या रात्री लिहिल्या आणि पुढे काय झालं ते सांगणारं एखादं वाक्य जोडलं त्यापलीकडे नंतर सुधारल्या नाहीत, त्यामुळे एका दिवशी ठामपणे लिहिलेलं पुढच्या नोंदीत खोटं पडलेलंही दिसेल.

पैशाचा हिशोब लिहीत नाही. कापड सगळं घरातलं जुनं. विकत आणलं ते इतकंच: १ मीटर पेस्टिंग (इस्त्रीने कापडामागे चिकटवायचं गोंद लावलेलं कापड), पॉलिएस्टर धाग्याचं एक रीळ, सुयांची दोन पाकिटं (१४ आणि १८ नंबर) आणि एक चुंबकी बटण. वेळेचा हिशोब मात्र प्रत्येक नोंदीखाली आहे, आणि उसवण्याचा वेळ वेगळा दाखवलाय.

मापं इंचात आणि सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे पाव इंच दोन सूत.

दिवस १, शनिवार. कापड निवडणं

तीन जुने शर्ट, दोन अभ्रे, एका पडद्याचा उरलेला पट्टा, एक टी-शर्ट आणि डेनिमची जुनी पँट, असा ढीग निघाला. सगळं सुंदर दिसत होतं. संध्याकाळपर्यंत निम्मा ढीग बाद झाला.

टी-शर्ट पहिला गेला. ते विणीचं कापड, ओढलं की लांबतं, आणि शेजारचं सुती कापड लांबत नाही. दोन्हीची शिवण घालून पाहिली तर लाट उठली.

पडद्याच्या पट्ट्याबद्दल शंका होती, म्हणून त्याचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळले. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. याचा वितळून टणक काळा मणी झाला. म्हणजे पॉलिएस्टर. तरीही रंग फार आवडला म्हणून एक तुकडा इस्त्रीखाली ठेवला, तर कड आक्रसून कुरळी झाली. बाद.

शर्ट उजेडासमोर धरून पाहिले. कोपर आणि कॉलरच्या आसपास कापड जाळीसारखं विरळ झालेलं दिसतं. हातात धरून हे कळत नाही, उजेडात लगेच कळतं. पाठीचा भाग मात्र तिन्ही शर्टांचा घट्ट निघाला.

रंगाची परीक्षा: प्रत्येक कापडावर ओला पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबली. मरून अभ्र्याने रुमाल गुलाबी केला. तो मिठाच्या पाण्यात भिजवून दोनदा धुतला, तरी रुमाल गुलाबीच. ठेवून दिला, पुढे कशाला तरी होईल.

उरलेलं सगळं धुवून वाळत घातलं. न वापरलेल्या अभ्र्यावर धुण्याआधी २० इंचांची खूण केली होती. वाळल्यावर ती सव्वाएकोणीस भरली. हेच आटणं पिशवी शिवून झाल्यावर झालं असतं तर फक्त त्याच अभ्र्याचे चौकोन आखडून बाकीचे फुगले असते.

वेळ: २ तास (वाळण्याचा धरलेला नाही).

दिवस २, रविवार. कापणं

आराखडा: पुढे ५ × ५ चौकोन, मागे ५ × ५. शिवल्यावर प्रत्येक चौकोन ३ इंच दिसावा, दोन्हीकडे दोन सूत शिवणीत जाणार, म्हणून कापायचा साडेतीन इंचाचा. एकूण ५०, वर ६ जादा.

पुठ्ठ्याचा साचा केला, त्याभोवती खडू फिरवून कापत गेले. विसेक तुकड्यांनंतर सहज एकावर एक रचले तर कडा जुळेनात. पुठ्ठ्याचे कोपरे खडूने झिजून गोल झाले होते, आणि मी रेघेच्या बाहेरून कापत होते. खडूची रेघच जवळजवळ अर्धं सूत जाड असते. दोन बाजूंनी मिळून एक सूत. पाच चौकोनांत ते पाच सूत होतं, हे गणित कापण्याआधी डोक्यात आलं नाही.

जुन्या प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर कापून नवा साचा केला, खडूला धार काढली आणि रेघेच्या आतून कापलं. आधीचे वीसही नव्या साच्याने पुन्हा छाटले. मोठे होते म्हणून वाचले. लहान असते तर गेले असते.

दुसरी चूक सात तुकड्यांची. शर्टाच्या पाठीतून जास्तीत जास्त चौकोन निघावेत म्हणून साचा तिरपा ठेवला. ते तुकडे उरेब निघाले. उरेब कड ओढली की लांबते, हे ब्लाउजच्या गळपट्टीला वरदान, चौकोनाला शाप. सातही काढले. साच्याची एक कड कापडाच्या उभ्या धाग्याला लागूनच ठेवायची, कापड वाया गेलं तरी चालेल.

डेनिमचे फक्त सहा चौकोन घेतले. शेजारी पातळ शर्टाचं कापड येणार असेल तर त्या पातळ तुकड्यामागे पेस्टिंग चिकटवलं, म्हणजे दोन्हींचं वजन जवळ येतं. पेस्टिंग लावताना इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवून एका जागी दहा-बारा सेकंद दाबायची. मी घासली. दोन तुकड्यांवर बुडबुडे आले आणि एकाचा गोंद इस्त्रीला लागला. मध्ये साधा कागद धरल्यावर ते थांबलं.

वेळ: ३ तास.

दिवस ४, मंगळवार. मांडणी आणि पहिल्या तीन ओळी

चौकोन जमिनीवर मांडले, हलवले, पुन्हा मांडले. डोळ्याला बरं वाटलं ते फोनमध्ये टिपून फोटो कृष्णधवल केला. रंग निघून गेले की गडद-फिकट कुठे दाटलंय ते स्वच्छ दिसतं. माझे सगळे गडद तुकडे डाव्या कोपऱ्यात गोळा झाले होते. चार अदलाबदली केल्या.

मग कोणीतरी पंखा लावला.

फोटो होता म्हणून पंधरा मिनिटांत निभावलं. आता प्रत्येक तुकड्याला टाचणीने चिठ्ठी लावली: ओळ-रकाना, १-१, १-२ असं.

रात्री पुढच्या भागाच्या तीन ओळी शिवल्या. प्रेसर फूटची (सुईखाली कापड दाबून धरतं ते) उजवी कड कापडाच्या कडेला लावून चालवलं की पाव इंच पडतं, असं वाचलं होतं. सोपं गेलं. १४ नंबरची सुई, टाक्याची लांबी २.५ वर.

वेळ: दीड तास.

दिवस ५, बुधवार. तीन सुतांचा घोळ

उरलेल्या दोन ओळी दिवसाउजेडी शिवल्या. या वेळी सवय व्हावी म्हणून प्रत्येक तुकड्यावर दोन सुतांवर खडूची रेघ मारून तिच्यावर टीप घातली. मग पाचही ओळी शेजारी ठेवल्या. कालच्या तीन साडेचौदा इंच. आजच्या दोन साडेपंधरा.

एक अख्खा इंच. आधी वाटलं चुकून चारच तुकडे जोडले. मोजले, पाचच होते.

माझ्या मशीनच्या साध्या फूटची कड सुईपासून दोन सुतांवर नाही, तीन सुतांवर आहे. प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांचं एकेक सूत जास्त जातं, म्हणजे दोन सूत. ओळीत चार जोड. आठ सूत. म्हणजे नेमका एक इंच. पाव इंचाचं वेगळं फूट मिळतं, मी वाचलं होतं ते त्याबद्दल होतं.

दोन रस्ते होते: आजच्या दोन ओळीही तीन सुतांनी शिवून पिशवी लहान करायची, किंवा कालच्या तीन उसवायच्या. आई म्हणाली, "लहान करू नकोस गं, पिशवी शिवताना आणखी आक्रसते." ती का म्हणाली ते मला पुढच्या बुधवारी कळलं. उसवलं. बारा जोड, टाका बारीक, आणि धागा कापडाच्याच रंगाचा, म्हणून दिसेना. पुढच्या वेळी आतल्या शिवणींना जरा उठून दिसेल असा राखाडी धागा घेणार. तो बाहेरून कुठेच दिसत नाही.

इलाज: सुईच्या टोकापासून पट्टीने दोन सूत मोजून मशीनच्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचे चार थर एकावर एक लावले. कापड त्या उंच कडेला टेकवून सरकवायचं. ही पट्टी लावायला दोन मिनिटं लागली.

वेळ: अडीच तास, पैकी उसवणं दीड.

दिवस ८, शनिवार. ओळी जोडणं

चांगला दिवस. मागच्या भागाच्या पाचही ओळी पट्टीच्या आधाराने शिवल्या, सगळ्या साडेपंधराच्या आसपास. एक जोड संपला की धागा न तोडता लगेच पुढची जोडी फूटखाली सरकवत गेले, शेवटी सगळी माळ कापली. धागाही वाचतो, आणि सुरुवातीला धागा आत ओढला जाऊन गुंता होतो तोही टळतो.

इस्त्रीचा नियम पाळला: पहिल्या ओळीच्या शिवणी सगळ्या उजवीकडे पाडायच्या, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे. दोन ओळी जोडताना एकीची शिवण दुसरीच्या शिवणीत अडकून बसते आणि चार चौकोनांचा कोपरा आपोआप जुळतो. बोटांनी चाचपलं तरी खाच लागते. जिथे मी कंटाळून दोन्ही शिवणी एकाच बाजूला पाडल्या, तिथे गाठ झाली आणि कोपराही एका सुताने सरकला. अशा दोन जागा आहेत. ठेवल्या.

टाचण्या शिवणीच्या आडव्या लावल्या आणि सुई पोचण्याआधी काढल्या. एक काढायची राहिली, सुई तिला घासून गेली पण तुटली नाही. त्या सुईने नंतर टाके गाळायला सुरुवात केली. डोळ्याला काही दिसेना, नखावरून टोक ओढलं तर ओरखडा उठला. सुई बदलली, टाके सरळ.

दोन्ही भाग साडेपंधरा × साडेपंधरा. पंचवीस चौकोन पहिल्यांदा एका कापडात पाहिले आणि अर्धा तास नुसती बघत बसले, तो वेळ धरलेला नाही.

वेळ: ४ तास.

दिवस ९, रविवार. तीन थर

तुकड्यांचं कापड तसंच वापरलं तर पिशवी लोळते आणि प्रत्येक शिवणीवर ताण येतो. म्हणून मध्ये जुन्या फ्लॅनेलच्या चादरीचा थर, मागे पातळ सुती कापड, आणि तिन्हींवर टीप. फ्लॅनेल आणि मागचं कापड चारी बाजूंनी एक इंच मोठं घेतलं. हे एक बरं केलं. याच उत्साहात अस्तराचे दोन तुकडेही साडेपंधराचे कापून ठेवले. हे बरं केलं नाही.

पहिला प्रयत्न: कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या टिपा. तिरपी दिशा म्हणजे उरेब. फूट वरचं कापड पुढे ढकलत गेलं, तिसऱ्या टिपेला कापडाला भरतीच्या लाटा. उसवलं.

दुसरा प्रयत्न: शिवणींना समांतर, शिवणीपासून दोन सूत सोडून. डावीकडून सुरू केलं, एक टीप वरून खाली, दुसरी खालून वर. उजव्या कडेला पोचेपर्यंत सगळी ढिलाई तिथे गोळा होऊन चुण्या पडल्या. पाच टिपा उसवल्या. सुईच्या भोकांच्या रांगा उरल्या. त्यावर पाणी शिंपडून इस्त्री केली तेव्हा बऱ्याचशा मिटल्या.

तिसऱ्या वेळी जमलं, आणि त्यात चार गोष्टी बदलल्या होत्या. सगळीकडे वीतभर अंतरावर हाताने कच्चा धावदोरा घातला, नुसत्या टाचण्यांवर भागवलं नाही. पहिली टीप मधोमध, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असं बाहेर सरकत गेले. सगळ्या टिपा वरून खालीच. फूटचा दाब कमी केला (वरचा स्क्रू सैल), टाका ३ वर. यातलं नेमकं कशाने साधलं ते सांगता येणार नाही, मला वाटतं कच्च्या धावदोऱ्याने. मागच्या भागाला सुरुवातीपासून असंच केलं, एकही टीप उसवावी लागली नाही.

मधेच खालच्या बाजूला धाग्याचं जाळं व्हायला लागलं. खालच्या धाग्याची बॉबिन काढली, ती बसते ते शटल साफ केलं, बॉबिनचा स्क्रू फिरवला, काहीच नाही. जाळं खाली दिसत असलं तरी दोष वरच्या धाग्यात होता: तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसलाच नव्हता. फूट वर उचलून धागा पुन्हा ओवला की नीट बसतो, कारण फूट खाली असताना चकत्या घट्ट मिटलेल्या असतात.

वेळ: साडेतीन तास, पैकी उसवणं सव्वा तास.

दिवस १२, बुधवार. आईचं म्हणणं

टिपा घातलेले दोन्ही भाग मोजले. पुढचा सव्वापंधरा × पंधरा इंच एक सूत. मागचा सव्वापंधरा × सव्वापंधरा. टिपांनी कापड आत घेतलं. जितक्या टिपा जास्त तितकं जास्त आत, आणि दोन भाग सारखे आत जात नाहीत.

म्हणून आता दोन्ही १५ × १५ ला छाटले. माप इथे घ्यायचं असतं, आधी नाही. अस्तर मी साडेपंधराचं कापून बसले होते, तेही १५ ला आणलं. फक्त अर्धा इंच कापड गेलं, पण ते उलट झालं असतं, म्हणजे अस्तर लहान पडलं असतं, तर दुसरं कापड शोधावं लागलं असतं.

कडा छाटल्यावर लगेच सगळीकडून कडेलगत एक टीप फिरवली, थर सुटू नयेत म्हणून.

वेळ: १ तास.

दिवस १५, शनिवार. खिसा, अस्तर आणि तळाचे कोपरे

खिशाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुहेरी कापडाचा, ७ × ६ इंच, अस्तराच्या एका भागावर तोंडापासून ३ इंच खाली. तोंडाच्या दोन कोपऱ्यांवर छोटा त्रिकोण शिवला, खिसा तिथूनच फाटतो.

अस्तर बाहेरच्या पिशवीइतकंच ठेवलं तर आत झोळ पडतो, कारण ते आत बसतं. म्हणून बाहेरची शिवण तीन सूत आणि अस्तराची चार सूत घेतली. पण तोंडाशी दोन्हींचा घेर सारखाच हवा. तेव्हा अस्तराची शिवण वर तीन सुतांवर सुरू करून इंचभर खाली येईपर्यंत चारवर नेली. अस्तराच्या तळाच्या शिवणीत ३ इंच उघडं ठेवलं, पिशवी उलटवायला. (हे ३ इंच पुढे महागात पडले.)

आता तळ. चार इंच रुंद तळ हवा होता. बाहेरच्या भागांना खालच्या कोपऱ्यांत कापडाच्या कडेपासून २ इंचांचे चौकोन आखले. बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणून कोपरा चपटा केला की याच रेघेवर टीप घालायची. अस्तराला शिवणीची रुंदी वेगळी, म्हणून गोंधळ नको असं ठरवून शिवणीच्या रेघेपासून २ इंच मोजले. दोन्ही शिवून झाल्यावर अस्तराचा तळ बरोबर ४ इंच आणि बाहेरचा सव्वातीन.

कागदावर आकृती काढली तेव्हा कळलं. कडेपासून दोन इंच मोजले तरी त्यातले तीन सूत बाजूच्या आणि तळाच्या शिवणीत जातात. उरतो एक इंच पाच सूत, त्याची दुप्पट सव्वातीन. चार इंच तळ हवा तर कडेपासून २ इंच ३ सूत मोजायला हवे होते.

उसवायला बसणार, एवढ्यात लक्षात आलं की गरजच नाही. कोपऱ्याची शिवण तीन सूत आत, समांतर सरकवली की तळ दोन्हीकडून तीन-तीन सुतांनी वाढतो: सव्वातीन आणि पाऊण, चार. नवी टीप घातली, बाहेरचं जादा कापड छाटलं. चूक उलटी झाली असती, म्हणजे बाहेरचा तळ मोठा शिवून कोपरा छाटला गेला असता, तर हा रस्ता नव्हता. शंका असेल तर कोपरा कमी कापावा.

या जागी थर फार होतात. शिवणी दोन्ही बाजूंना उघडून पाडल्या, फ्लॅनेल शिवणीलगत कात्रीने कापून काढलं आणि जाड जागेवर कापड ठेवून हातोडीने हलके ठोकलं. ठोकल्यावर थर दबतात आणि फूट त्यावरून चढतं. शेजारच्यांनी काय ठोकतेस म्हणून विचारलं, पिशवी म्हटल्यावर पुढे बोलले नाहीत.

वेळ: साडेतीन तास.

दिवस १६, रविवार. बंद, आणि मोडलेली सुई

बंदांसाठी ४ × २४ इंचांच्या दोन पट्ट्या, डेनिमच्या नाही, अभ्र्याच्या. मधल्या दोन इंचांवर पेस्टिंग. दोन्ही कडा मध्यावर आणून पुन्हा दुमडल्या की एक इंचाचा चार पदरी बंद होतो. दोन्ही कडांना टीप.

बंद बाहेरच्या पिशवीच्या तोंडाला लटकते टाचले, बाजूच्या शिवणीपासून साडेतीन इंचांवर, टोकं कडेच्या वर एकेक इंच ठेवून. पिशवी अस्तरात घातली, सुलट्यावर सुलट, आणि तोंडाभोवती टीप सुरू केली. दुसऱ्या बंदावर फूट चढलं, मशीन कण्हलं, मी पायाने आणखी जोर लावला. सुई मोडली.

त्या जागी नेमकी चौकोनांची शिवणही खाली आली होती. थर मोजले: बंदाचे चार, पेस्टिंगचे दोन, चौकोनांचे तीन, फ्लॅनेल, मागचं कापड, अस्तर. बारा. आणि सुई १४ ची.

सुईचे तुकडे गोळा केले, टोक मिळेना. कापडात राहिलं असेल तर उद्या कुणाच्या तरी बोटात जाणार. टेबलावर चुंबकी बटण पडलेलं दिसलं. ते अस्तराला आधीच लावायला हवं होतं, मी विसरले होते. तेच कापडावरून फिरवलं. दुसऱ्या फेरीला टोक फ्लॅनेलमधून बाहेर येऊन चिकटलं.

चारही टोकं उसवून बंद अर्धा इंच मध्याकडे सरकवले, म्हणजे ते चौकोनांच्या शिवणीवरून हटले. १८ ची सुई, टाका साडेतीनवर, आणि जाड जागी पाय काढून चाक हाताने फिरवलं. बंदावर चढताना फूट मागे झुकतं, म्हणून त्याच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवली, फूट सपाट राहिलं. बंद पार झाले.

पण आता धागा दर दोन-तीन इंचांना तुटायला लागला. आधी पिंजतो, मग तुटतो. धागा बदलला. ताण सैल केला. पुन्हा ओवलं. सुई उलटी बसली का पाहिलं. तास गेला. झोपले.

वेळ: ३ तास, पैकी उसवणं अर्धा तास, धाग्याशी झगडणं एक तास.

दिवस १८, मंगळवार. पत्र्याचा ओरखडा, पिळा, शेवट

आज मशीनला हात लावण्याआधी कापसाचा बोळा घेऊन धागा जातो त्या प्रत्येक जागेवरून फिरवला. सुईच्या खालच्या पत्र्यावर, भोकाच्या कडेला, कापूस अडकला. परवा सुई मोडताना पत्र्यावर आदळली आणि तिथे बारीक कड उठली होती. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. धागा प्रत्येक टाक्याला तिच्यावर घासत होता.

पत्रा काढून बारीक पॉलिश पेपरची गुंडाळी काडेपेटीच्या काडीवर केली आणि भोकात फिरवली, कापूस अडकेनासा होईपर्यंत. दहा मिनिटं. त्यानंतर धागा एकदाही तुटला नाही. सुई मोडल्यावर पहिल्यांदा पत्राच बघायचा, हे लिहून मशीनला चिकटवलंय.

तोंडाची टीप पूर्ण केली. चुंबकी बटण अस्तराच्या उघड्या जागेतून हात घालून लावलं, मागे डेनिमचा तुकडा, नाहीतर दोन-चार उघडझापीत कापड फाटतं. मग पिशवी त्याच ३ इंचांतून उलटवायला गेले. फ्लॅनेलची, टिपा घातलेली, बंद लावलेली पिशवी ३ इंचांतून येत नाही. ओढली, तर उघड्या जागेच्या दोन्ही बाजूंचे टाके तुटले. शेवटी ६ इंच उसवून बाहेर काढली.

टेबलावर उभी केली. आई चहा घेऊन आली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "मागचा बंद पिळलाय बघ."

पिळला होता. टाचताना एक टोक सुलटं, एक उलटं. मी आठवडाभर चुकीच्या जागी लक्ष दिलं होतं आणि ही एक गोष्ट, जी बघितली असती तर दोन सेकंदांत कळली असती, ती सुटली. तोंडाची ३ इंच शिवण उसवली, बंद फिरवला, पुन्हा शिवलं. तोंडाला वरून कडेलगत एक टीप, बंदांच्या जागी चौकट आणि आत फुली. तळाची उघडी जागा हाताने आतल्या आत टाके घालून बंद केली.

मापं: तोंड सव्वाचौदा, उंची सव्वाबारा, तळ सव्वादहा × ४.

वेळ: अडीच तास, पैकी उसवणं अर्धा. सगळं मिळून साडेसव्वीस तास, त्यात उसवणं पावणेचार.

दिवस ४७, बुधवार. वापरल्यावर

रोज वापरली. डबा, पाण्याची बाटली, दोन पुस्तकं. बंद, तळ, कोपरे जागच्या जागी. एकदा थंड पाण्यात हाताने धुतली, रंग कुठे लागला नाही.

पुढच्या भागावर दुसऱ्या ओळीत दोन चौकोनांमधली शिवण साधारण एक इंच उघडली, आतलं फ्लॅनेल दिसायला लागलं. तिथे कापड शिवणीत दोन सुतांऐवजी जेमतेम अर्धं सूत गेलं होतं, त्यामुळे ताणाने धागे निसटले. हा तुकडा दुसऱ्या दिवशीच्या, झिजलेल्या साच्याने कापलेल्या वीसपैकी असावा, छाटताना एका कोपऱ्याला जास्त छाटला गेलेला. उसवून बदलायचा तर तिन्ही थर उघडावे लागतील. म्हणून दोन्ही कडा आत दुमडून बाहेरून हाताने लपवे टाके घातले आणि वर डेनिमची एक चिंचोळी पट्टी लावली. निळा धागा संपला होता, राखाडी वापरला.

जादा कापलेल्यांपैकी चार चौकोन उरलेत. मरून अभ्रा अजून पाणी गुलाबी करतोय.